दहाव्याची ओळख

पप्पांना नोकरी हवी होती म्हणून आम्ही लोकांच्या दहाव्याला जायला लागलो.

हे मी मधुवंतीला सांगितलं तेव्हा तिनं तोंडावर हात ठेवला. ती माझ्या बाकावर बसते. तिचे बाबा इंजिनिअर आहेत. त्यांच्या ओळखी मोठ्या हॉटेलात होतात. गळ्यात नावाच्या पट्ट्या अडकवून माणसं उभ्या उभ्या जेवतात आणि एकमेकांना कार्डं देतात. "तसंच असतं गं आमचं पण," मी म्हटलं, "फक्त तुमच्यात पुढ्यात सूप ठेवतात, आमच्यात पिंड." ती हसली नाही. मला मात्र माझं वाक्य आवडलं होतं. त्या दिवसांत मला माझी बरीच वाक्यं आवडायची.

दसऱ्याला पप्पांनी कंपनीतल्या त्यांच्या पत्रा दाबायच्या प्रेसला झेंडूचा हार घातला, हळदकुंकू वाहिलं आणि पेढ्याचा पुडा घरी आणला. दिवाळीच्या आत ती लाइनच बंद झाली. प्रेस ट्रेलरवर चढवून दुसऱ्या राज्यात नेले. मशीनची सोय झाली, माणसांची झाली नाही. पप्पा रोज सकाळी दाढी करून निघायचे आणि चाकणच्या गेटागेटावर उभे राहायचे. त्यांना काम येत नव्हतं असं नाही, पण त्यांच्या उजव्या हाताची पहिली दोन बोटं पेरभर कमी आहेत. मी बालवाडीत असताना प्रेसमध्ये गेली. एका कंपनीत एच.आर.चा मुलगा उठून उभा राहिला, हसला, त्यानं हात पुढं केला. पप्पांनी हात दिला. मुलाच्या बोटांना ती दोन थोटकं लागली आणि त्यानं हात असा सोडला, जसा गरम तवा सोडतात. मग म्हणाला, "काका, मेडिकलला अडकेल हो." हे पप्पांनी घरी सांगितलं तेव्हा ते हसत होते. आई हसली नाही. ती चिखलीतल्या एका मेसमध्ये पोळ्या लाटते, तिथून आल्यावर तिचे खांदे इतके दुखायचे की केस विंचरायला ती मला बसवायची.

"संक्रांतीपस्तोर बघू," आई म्हणाली. "न्हाई जमलं तर खोली सोडू. सोनबादादा म्हणायलेत, या गावाकडं."

सोनबाकाका म्हणजे पप्पांचे थोरले भाऊ. औश्याच्या पुढं आमचं गाव. तिथं शाळा दहावीपर्यंत आहे. काकांची मुलगी स्वरूपा, माझ्याहून दीड वर्षानं मोठी. तिची दहावी झाली आणि पावसाळ्याच्या आत तिचं लग्न झालं. आता ती फोनवर बोलताना मधेच "थांब, बोलावलंय" म्हणून ठेवून देते. मी दहावीला होते. संक्रांतीला गावी गेलो तर माझं काय होणार हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

मारुतरावकाकांनी दहाव्याचं सुचवलं. ते आमच्याच तालुक्यातले, कंपनीची बस चालवतात. एका सकाळी चहाच्या टपरीवर त्यांनी पप्पांना धरलं. मी दूध आणायला गेले होते, तिथंच उभी राहिले.

"ज्योतीराम, तू गेटवर कशाला उभा राहायलास गा? गेटवर सेक्युरिटी भेटतोय. माणूस भेटत नाही."

"मग कुठं भेटतोय?"

"घाटावर." काकांनी बशीत चहा ओतला. "हे बघ, लेबरचं कॉन्ट्रॅक्ट कुणाकडं? इथल्या मूळच्या गाववाल्याकडं. बस, कँटीन, भंगार? गाववाल्याकडं. लग्नात गाववाला स्टेजवर असतोय, तुला कुणी वर सोडत नाही. इलेक्शनला तो गाडीत असतोय, काच वर. दहाव्याला मातर सतरंजीवर मांडी घालून बसतोय. तिथं कुणी कुणाला ऊठ म्हणत नाही."

"पण मयताची ओळख नसली तर?"

"मयताची ओळख घेऊन काय करतोस? जित्याची घे."

पप्पांनी चहाचा कप दोन्ही हातांत धरला होता. मग काका हळू म्हणाले, "आणिक एक. तिथं हात मिळवायचं नसतंय. जोडायचं असतंय."

दोन्ही हात जोडले की पप्पांची बोटं दिसत नाहीत. काकांनी हे कधीपासून बघून ठेवलं होतं कोण जाणे.

पहिल्या दहाव्याला पप्पा एकटे गेले. पांढरी टोपी काकांची, शर्ट स्वतःचा. मारुतरावकाकांनी सूत्रसंचालकाला चिठ्ठी दिली होती, त्यात 'औसा तालुका मित्र परिवार' असं लिहिलं होतं. हा परिवार म्हणजे हे दोघं. पण नाव वाचलंच गेलं नाही. नगरसेवक, माजी नगरसेवक, इच्छुक, बँकेचे संचालक, यातच वेळ संपला. पप्पा भिंतीला लागून उभे होते. एका माणसानं त्यांना मांडववाल्याचा गडी समजून सांगितलं, "ए, त्या खुर्च्या घे इकडं." पप्पांनी खुर्च्या उचलल्या. एक नेऊन ठेवली ती रंगरावशेठच्या मागं.

घरी आले ते खूश होऊन. "शेठ बसले त्या खुर्चीवर. मागं वळून बघितलं त्यांनी."

"तुम्हाला बघितलं का खुर्चीला?" आईनं विचारलं.

पप्पा म्हणाले, "सुरुवात हाय."

रंगरावशेठ म्हणजे लेबर कॉन्ट्रॅक्टर. त्यांची माणसं चाकणच्या चार-सहा कंपन्यांत कामाला. वाडवडलांची जमीन होती तिथं आता शेड आहेत, आणि शेठ अजून शेताकडं जायचं म्हणतात तसंच "शेडाकडं जाऊन येतो" म्हणतात.

पुढच्या रविवारी मी पप्पांबरोबर गेले. मला अभ्यास होता, पण त्यांना एकट्याला भिंतीला लागून उभं असलेलं मला डोळ्यांपुढं दिसत होतं, त्यामुळं अभ्यास होत नव्हता. थंडी होती. इंद्रायणीवर साबणासारखा फेस तरंगत होता आणि त्यातून वाफ निघत होती. मयत बाई म्हाताऱ्या होत्या. महाराजांचं प्रवचन झालं, मग सूत्रसंचालकानं श्रद्धांजलीसाठी एका सरांचं नाव पुकारलं. सर आलेच नव्हते. माइक तसाच घूं करत राहिला.

आणि मी उठले.

मला त्या वर्षीच कळलं होतं की मी बोलायला लागले की लोक गप्प होतात. आठवीपर्यंत मी वर्गात हजेरीसुद्धा हळू द्यायचे. नववीत एका स्पर्धेला दुसरी मुलगी आजारी पडली म्हणून मला ढकललं, आणि स्टेजवर गेल्यावर जे काय झालं ते मला अजून सांगता येत नाही. घशातून आवाज असा आला, जसं नळाला कितीतरी दिवसांनी पाणी यावं. तेव्हापासून मला माइक दिसला की हात शिवशिवतात.

मी म्हाताऱ्या बाईंच्या सुनेला मघाशीच विचारून घेतलं होतं. बाई शेवटपर्यंत स्वतःची भाकरी स्वतः थापायच्या. मी भाकरीवर बोलले. थापताना बांगड्यांचा आवाज व्हायचा आणि नातवंडं त्या आवाजानं उठायची, असं बोलले. हे कुणी मला सांगितलेलं नव्हतं, पण पुढच्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले, म्हणजे तसं होत असणार. शेवटी म्हटलं, "आजींची जी इच्छा अपुरी राहिली असेल ती पुरी करणं, हीच त्यांना खरी श्रद्धांजली." हे वाक्य माझं नव्हतं, सगळेच म्हणतात. पण मी ते थांबून थांबून म्हटलं.

चहाला रंगरावशेठ वळले. "कुणाची रं ही पोर?"

पप्पा पुढं झाले. हात जोडलेले. "माझी हाय शेठ. ज्योतीराम शिंगाडे. चिखलीत राहतो."

"लय गुणाची हाय. कुठं कामाला तुमी?"

"प्रेसला होतो. लाइन बंद झाली."

"हां हां," शेठ म्हणाले. "भेटत ऱ्हावा."

त्यानंतर मी तीन-चार दहाव्यांना बोलले. मारुतरावकाकांच्या मोबाइलवर दुःखद निधनाचे मेसेज यायचे, ते पुढं आम्हाला पाठवायचे. आई म्हणायची, "सकाळच्या पारी मरणाची बातमी बघत बसायलाव बापलेक, बरं दिसतंय का?" पण माझा शाळेचा पांढरा ड्रेस ती आदल्या संध्याकाळी स्वतः इस्त्री करून ठेवायची. सूत्रसंचालक आता मला ओळखायचा. पप्पांचं नाव पुकारायला लागला. 'औसा तालुका मित्र परिवाराचे अध्यक्ष' म्हणाला एकदा. घरी येताना पप्पा आणि काका स्कूटरवर हसत होते, मी मधे.

"अध्यक्ष, पेट्रोल टाका आता."

"खजिनदार, तुम्हीच टाका."

मग किसन गेला.

किसन गव्हाणे हा बीडकडचा. चाकणला डिस्पॅचमध्ये शेठच्या कॉन्ट्रॅक्टवर होता. रात्रपाळी करून येताना बसमध्ये खिडकीला डोकं लावून झोपला आणि त्याच्या स्टॉपला उठला नाही. ती बस मारुतरावकाकांचीच होती. ते सांगत होते की त्यांनी आरशातून दोनदा हाक मारली, "ए किसन, उतर की, आला तुझा स्टॉप," आणि मागचे सगळे हसले, की काय झोपलाय बेटा.

हे सांगून झाल्यावर काकांनी तोंड पुसलं आणि पप्पांकडं न बघता म्हणाले, "जागा हाय बघ."

आईनं चहाची भांडी उचलली आणि आत नेऊन नुसतीच ठेवली, घासली नाहीत.

दुपारी पप्पा शेठच्या ऑफिसात जाऊन आले. शेठचा एक नेम होता. मेलेल्या माणसाची जागा दहावा झाल्याशिवाय ते भरत नसत. सगळे गाववाले कॉन्ट्रॅक्टर पाळतात असं नाही, पण शेठ पाळतात. तोवर बदली माणूस ठेवायचा. बदलीचं नाव मस्टरवर नसतं, त्याला पगारही पुढचा पुढं बघू असा असतो. "किसनचा दहावा झाला की दुसऱ्या दिशी तुमचं नाव चढवतो," शेठ म्हणाले. "सबूद दिला."

दुसऱ्या दिवसापासून पप्पा किसनच्या जागेवर कामाला जायला लागले. किसनच्या लॉकरला किल्ली नव्हती, ते कुणीतरी उचकटून दिलं. आत त्याचे सेफ्टी शूज होते, पप्पांना एका नंबरानं लहान, तरी ते तेच घालायला लागले. हातमोजे होते. आणि देवाचं एक चित्र, ते पप्पांनी तसंच राहू दिलं.

काम असं. प्रेसवरून आलेले पार्ट बिनमध्ये रचायचे, प्रत्येक थरावर पुठ्ठा, वर प्लॅस्टिक, मग पट्टी ओढून कसायची, टॅग लावायचा, ट्रॉलीवर ढकलायचं. पट्टी कसताना हात चुकला तर ती सापासारखी उसळते. पहिल्या दिवशी त्यांच्या मनगटावर वळ उठला होता. हातमोज्यांची पहिली दोन बोटं पुढं रिकामी लोंबायची आणि पट्टीत अडकायची. तर आईनं जुन्या ब्लाउजच्या चिंध्या त्या बोटांत कोंबून टाके घातले. पप्पांनी मोजा चढवून हात पुढं धरला. पाचही बोटं पूर्ण दिसत होती. आम्ही तिघं बघत राहिलो.

"बायको हाय म्हणे त्याला," आई म्हणाली.

"हाय. एक लहान लेक हाय. म्हातारी आई हाय."

"मग?"

"मग काय, दुर्गा? मी मारलंय का त्याला?"

आईनं दोरा दातानं तोडला.

पाय सुजायचे पप्पांचे. ते मिठाच्या गरम पाण्यात पाय घालून बसायचे आणि मी बाजूला बसून बीजगणित सोडवायचे. मला त्या दिवसांत फार बरं वाटायचं, हे खरंच आहे. घरात कामाचा वास यायला लागला होता, तेलाचा, पुठ्ठ्याचा. आई सोनबाकाकांना फोनवर म्हणाली, "बघू भाऊजी, जमंल असं दिसतंय." मी कॉलेजांची नावं मधुवंतीला विचारायला लागले होते.

दहाव्याच्या आदल्या दिवशी शेठचा स्वतःचा फोन आला. "पोरीला घेऊन या. किसनवर बोलाया सांगा. आपल्याच पैशानं मांडव घातलाय, तवा आमच्याबद्दलबी दोन शब्द येऊ द्या."

"येतील की शेठ," पप्पा म्हणाले. फोनवरसुद्धा त्यांचा एक हात छातीशी गेला होता.

घाटावर फ्लेक्स लावला होता. वर किसनचा फोटो, लायसनवरचा मोठा केलेला, फुटल्यासारखा. खाली त्याच्या दुप्पट रंगरावशेठ, हात जोडलेले. माणसं बरीच होती. शिफ्टचे लोक होते, शेठचे लोक होते. किसनच्या घरचे मात्र पाच-सात जणच, बीडहून येणं सगळ्यांना कुठलं जमतंय. कस्तुरा, त्याची बायको, सतरंजीच्या कडेला बसली होती. मला वाटलं होतं मोठी बाई असेल. ती स्वरूपापेक्षा फार तर सात-आठ वर्षांनी मोठी दिसत होती. मांडीवर लेक झोपली होती.

मी नेहमीसारखी जवळ जाऊन बसले. "ताई, मला दोन शब्द बोलायचेत. दादांना काय आवडायचं, काय करायचं राहिलं, असं काही सांगाल का?"

तिनं माझ्याकडं बघितलं. "काय आवडणार? झोप आवडायची. कवा पुरायची नाही." मग म्हणाली, "तू शेठच्या घरची का? पाहुणी?"

"नाही, मी चिखलीची. आम्ही शेठच्या ओळखीचे."

"वडील कुठं असतेत?"

"चाकणला," मी म्हटलं. जरा थांबून म्हटलं, "डिस्पॅचला."

तिनं मागं वळून पुरुषांच्या बाजूला पाहिलं. पप्पा शेठच्या मागं बसले होते. ते किसनचेच शूज घालून आले होते, सतरंजीवर बसताना काढून ठेवले होते खरे, पण अगदी समोरच. शूजच्या टाचेला पिवळा पेंट लागलेला होता. कस्तुरानं ते ओळखले असणार. ती बराच वेळ तिकडं बघत होती. मग तिनं लेकीच्या अंगावरची शाल नीट केली.

मला तिथून उठावंसं वाटत होतं आणि माझंच नाव पुकारलं गेलं.

मी चांगलं बोलले. हेही खरंच आहे. झोपेवर बोलले. रात्री आपण झोपतो तेव्हा कुणीतरी जागं असतं म्हणून रस्त्यावरच्या गाड्या धावतात, असं बोलले. शेठबद्दल दोन शब्द बोलले, ते मान हलवत होते. सूत्रसंचालकानं डोळे पुसले. आणि शेवटी मी थांबून थांबून म्हटलं, "किसनदादांची जी इच्छा अपुरी राहिली असेल ती पुरी करणं, हीच खरी श्रद्धांजली."

मग पिंड ठेवले. भात, वर दही, बाजूला किसनची तंबाखूची पुडी आणि चहाचा कप. सगळे मागं सरले. पलीकडच्या तारेवर कावळे ओळीनं बसले होते. एकही खाली उतरेना.

सुरुवातीला कुणाला काही वाटलं नाही. मग गुरुजी पंचा सावरत इकडंतिकडं बघायला लागले. जनरल शिफ्टवाल्यांची चुळबुळ सुरू झाली, मारुतरावकाकांची बस वर उभी होती. किसनचा मेव्हणा पुढं होऊन म्हणाला, "दाजी, पोरीचं शिक्षण मी बघतो, काळजी करू नका." कावळ्यानं पंख फडफडवले आणि तिथंच परत बसला. किसनची आई म्हणाली, "माझी काळजी करू नगं रं बाबा. मी ऱ्हाती गावाकडं." काही नाही. ऊन चढायला लागलं होतं. दह्यावर माश्या आल्या.

"आरं बोला की कुणीतरी," शेठ म्हणाले. "काय मनात व्हतं त्याच्या?"

"ती पोरगी म्हणाली न्हवं का आत्ता," गर्दीतून एक म्हातारा बोलला. "अपुरी इच्छा ऱ्हायली आसंल."

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि मग, मला काहीच माहीत नाही हे लक्षात आल्यावर, कस्तुराकडं.

ती उठली. लेक सासूच्या मांडीवर दिली. पिंडांपाशी गेली नाही, शेठच्या पुढं येऊन उभी राहिली. बायकांनी असं पुरुषांच्या बाजूला यायचं नसतं, पण कुणाला अडवायचं सुचलं नाही.

"शेठ, त्यांची जागा मला द्या," ती म्हणाली. "पॅकिंग येतं मला. बीडला कापसाच्या जिनिंगला होते मी."

सूत्रसंचालकाच्या हातात माइक चालूच होता. तिचा आवाज घाटभर गेला.

शेठनी टोपी सारखी केली. त्यांनी एकदा तारेवर बघितलं, एकदा लोकांकडं. दोघातिघांचे मोबाइल वर होते, व्हिडिओ चालू होते. मागं फ्लेक्सवर ते स्वतः हात जोडून उभे होते. त्यांनी पप्पांकडं मात्र पाहिलं नाही. मी पप्पांकडं पाहत होते. त्यांचे हात मांडीवर होते, जोडलेले नव्हते. ती दोन बोटं उघडी होती.

शेठ पिंडांपाशी गेले. "किसन," ते मोठ्यानं म्हणाले, "तुझी जागा तुझ्या बायकूला दिली बघ. सबूद हाय माझा. आता घे बाबा."

कुणीतरी "वा शेठ" म्हणालं. कावळे तरीही आले नाहीत. मग गुरुजींनीच दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला, हात जोडले, आणि झालं. लोक पोह्यांच्या पातेल्याकडं वळले. बरीचशी गर्दी पांगल्यावर दोन कावळे उतरले आणि भात खायला लागले. ते कुणाच्या शब्दावर आले हे विचारायला तिथं कुणी थांबलं नव्हतं.

मला पप्पांच्या जवळ जायचं होतं. पण मी चपलांच्या ढिगापाशीच उभी राहिले. माझ्या मनात आमची खोली रिकामी झाली, भिंतीवरचा खिळा तेवढा राहिला. औश्याचा स्टँड आला, स्वरूपा आली, थांब, बोलावलंय म्हणाली. मला कस्तुराचा राग यायला हवा होता. मी तो आणायचा प्रयत्नही केला. तो येऊन तिच्यापाशी जाईपर्यंत विरून जात होता.

शेठ हात धूत होते. पप्पा टॉवेल घेऊन उभे राहिले.

"ज्योतीराम, बघितलंस तू," शेठ म्हणाले. "चार माणसांत शब्द गेला. काय करतो मी?"

"न्हाई, बरोबर हाय शेठ."

"तुझं बघू म्होरं. भेटत ऱ्हा." त्यांनी टॉवेल परत दिला. "आन् उंद्याच्याला येऊन तिला काम दावून दे. दोन दिस लागतील. तिला कुठं ठावं हाय तिथलं."

"व्हय," पप्पा म्हणाले. आमच्यात हो म्हणायला 'हाव' म्हणतात. पप्पांना इथली भाषा यायला लागली होती.

मारुतरावकाका बसकडं निघाले होते. जाता जाता त्यांनी पप्पांच्या खांद्यावर हात ठेवला. "ज्योतीराम, मोशीला एक दहावा हाय बघ शुक्रवारी," ते म्हणाले. पप्पांनी मान हलवली. कशासाठी हलवली ते मला कळलं नाही. काकांना तरी कळलं असेल का.

आम्ही पायऱ्या चढायला लागलो तेव्हा मागून हाक आली. "भाऊ."

कस्तुरा होती. धापा टाकत होती. तिनं पप्पांच्या पायांकडं पाहिलं, मग पाहिलं नाही असं केलं.

"उद्या किती वाजता यायचं, भाऊ?"

मला वाटलं पप्पा बोलणार नाहीत. कुणीही बोललं नसतं. पण ते थांबले, पायरीवरून एक पायरी खाली उतरले आणि सांगायला लागले, जसं नव्या पोराला सांगतात तसं, बारीकसारीक. बस कुठं येते. गेटवर आधार कार्ड लागतं. डबा आत नेता येतो, मोबाइल नाही. पट्टी ओढताना तोंड बाजूला ठेवायचं, उसळते. पदर खोचून घ्यायचा, ओढणी असली तर पिन. बसून काम नसतं, उभं राहावं लागतं, तेव्हा पायात मऊ काहीतरी घाला. ती प्रत्येक गोष्टीला मान हलवत होती, ओठांतल्या ओठांत पाठ करत होती.

"आणि बांगड्या चालत नाहीत तिथं," पप्पा म्हणाले. "पार्टाला चरे पडतेत. बायांना गेटवरच काढून…"

ते थांबले.

कस्तुरानं आपले दोन्ही हात पुढं धरून पाहिले. मनगटांवर बारीक खपल्या होत्या, फोडताना काचा लागल्या असतील त्या.

"ते झालंय, भाऊ," ती म्हणाली. "अजून काय?"